दोनशे किलोमीटरची शिदोरी: लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराने काय, कधी आणि किती खावे-प्यावे

पुणे-सातारा-पुणे ही माझी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सहल, होती. डिसेंबर महिना होता. परतीच्या वाटेवर शिरवळ मागे टाकल्यानंतर मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, आणि खिशातल्या चिक्कीचे वेष्टण मला फाडता येईना. पाय दुखत नव्हते आणि धापही लागलेली नव्हती. पण बोटे थरथरत होती, थंडीत कपाळावर गार घाम आला होता आणि समोरून गेलेल्या ट्रकच्या मागे काय लिहिले आहे ते वाचूनही कळत नव्हते. मागून आलेल्या एका वयस्क सायकलस्वाराने काही न विचारता ते वेष्टण दातांनी फाडले, चिक्कीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि तो चावून झाल्यावर स्वतःच्या बाटलीतले गोड सरबत मला पाजले. पंधरा-वीस मिनिटांनी मी पुन्हा सायकलवर होतो. त्या दिवशी मी सकाळी चहा-बिस्किटांवर निघालो होतो, साताऱ्यात तर्रीदार मिसळ आणि वर लस्सी असे भरपेट खाल्ले होते आणि उरलेला सगळा वेळ केवळ साधे पाणी प्यायलो होतो. एकूण खाणे कमी झाले नव्हते. ते सगळे एकाच वेळी आणि चुकीच्या वेळी पोटात गेले होते, इतकेच.

सायकलस्वार या अवस्थेला ‘बॉंक होणे’ म्हणतात. ती टाळण्याची रीत अवघड नाही. मात्र त्यासाठी जेवणाविषयीची आपली एक मुरलेली सवय सोडावी लागते. आपल्याला पंगतीची सवय आहे: भूक लागली की बसायचे, पोटभर जेवायचे आणि मग पुढच्या जेवणापर्यंत विसरून जायचे. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये पंगत चालत नाही, तिथे ठिबक सिंचन लागते.

आधी थोडा हिशेब

ज्यांना ब्रेव्हे हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या ओदाक्स क्लब पारिसियन या संस्थेच्या नियमांनुसार जगभर अशा सहली होतात आणि भारतात त्या ओडॅक्स इंडिया रँडोनिअर्सच्या माध्यमातून होतात. ही शर्यत नसते. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचे असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम असा की सायकलस्वाराच्या मागे मदतीची गाडी चालत नाही. बाहेरची मदत घ्यायची तर ती वाटेत नेमून दिलेल्या तपासणीच्या ठिकाणी, म्हणजे कंट्रोल पॉइंटवरच घेता येते. ‘रेस अक्रॉस अमेरिका’सारख्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत, जी २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पूर्ण केली, सायकलस्वाराला दर तासाला काय द्यायचे हे ठरवणारी माणसे गाडीतून सोबत असतात. आपल्याकडे ती माणसे नसतात. आपण, आपले खिसे आणि रस्त्यावरच्या टपऱ्या एवढेच आपले स्वयंपाकघर.

आता इंधनाकडे पाहू. शरीर पिष्टमय आणि गोड पदार्थांतली कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठवते. हा साठा सर्वसाधारण प्रौढ माणसात ४०० ते ५०० ग्रॅम असतो, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. मध्यम बांध्याचा सायकलस्वार सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगाने तासाला ४०० ते ६०० किलोकॅलरी खर्च करतो. २०० किलोमीटरला दहा तास प्रत्यक्ष पेडल मारले तर खर्च ४,००० ते ६,००० च्या घरात जातो. चरबीचा साठा अर्थातच प्रचंड असतो आणि अगदी सडसडीत माणसाजवळही ती कित्येक दिवस पुरेल एवढी असते, पण चरबीतून ऊर्जा संथ गतीने मिळते. वेग वाढला किंवा खंबाटकीसारखा चढ लागला की शरीर ग्लायकोजेनकडे अधिकाधिक वळते, आणि मेंदूला तर रक्तातली साखरच लागते. म्हणूनच साठा संपल्यावर आधी डोके चालेनासे होते आणि मग पाय.

तेव्हा बाहेरून भर घालणे आले. किती? आतडे एका प्रकारची साखर, म्हणजे ग्लुकोज, तासाला साधारण ६० ग्रॅमपर्यंतच शोषू शकते. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषले जात असल्यामुळे दोन्ही मिळून, सराव असेल तर, तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. ब्रेव्हेच्या गतीला एवढ्याची गरज नसते. माझा सल्ला असा आहे की नवख्याने तासाला ३० ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि सरावाने ६० पर्यंत जावे. दहा तासांत ६० ग्रॅमच्या हिशेबाने २,४०० किलोकॅलरी होतात. साठ्यातल्या २,००० त्यात मिळवल्या आणि उरलेले काम चरबीवर सोपवले की गणित जुळते.

एक गमतीची गोष्ट अशी की आपली साधी साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोजचा प्रत्येक रेणू अर्धा ग्लुकोज व अर्धा फ्रुक्टोज असतो. गुळातही मुख्यतः हेच असते. खेळाडूंसाठीच्या ऊर्जा-पेयांच्या महागड्या पुड्यांवर ‘दोन मार्गांनी शोषण’ असे मिरवणारे जे तत्त्व असते, ते किराणा दुकानातल्या किलोभर साखरेत आयते हजर असते. तयार जेल आणि पुड्या वाईट नाहीत. मोजमाप सोपे होते आणि अतिगोडपणा टाळता येतो. परंतु पैसे वाचवायचे असतील तर इथे खुशाल वाचवावेत.

घरचे पदार्थ ग्रॅममध्ये कसे मोजावेत

एकदा, फक्त एकदाच, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसावे. मध्यम आकाराच्या केळ्यात २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात. खजुराच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ७५ ग्रॅम आणि साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्येही जवळपास तेवढीच असतात. शिजलेल्या भाताच्या दीडशे ग्रॅमच्या वाटीत ४० ग्रॅम, उकडलेल्या मध्यम बटाट्यात २० ग्रॅम, घरगुती आकाराच्या एका इडलीत ८ ते १० ग्रॅम. शेंगदाण्याच्या चिक्कीत निम्मे वजन कर्बोदकांचे आणि उरलेले बहुतांशी तेल व प्रथिने. ती चविष्ट असते पण केळ्याच्या मानाने उशिरा पचते. पुरणपोळीत किती असतात हे लाटणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. आमच्या घरच्या पोळीत ती चाळीसच्या आसपास भरतात. ती तूप न लावता गुंडाळी करून फॉइलमध्ये ठेवली तर सहा-सात तास उत्तम राहते, आणि एका हाताने खाता येते.

उपवासाच्या पदार्थांचा इथे खास उल्लेख करायला हवा. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळे, उकडलेला बटाटा, दाण्याचा गुळातला लाडू: ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असे आपण थट्टेने म्हणतो, पण थोड्या जागेत भरपूर ऊर्जा हा सायकलस्वाराला हवा असलेला गुण या फराळात आहे. अपवाद साबुदाण्याच्या खिचडीचा. साबुदाणा निव्वळ पिष्ट असला तरी हॉटेलातली खिचडी तेलाने निथळत असते, आणि तेल पोटातून पुढे सरकायला फार वेळ घेते. वडापाव, भजी आणि तर्री यांचेही तेच. मी त्यांचा शत्रू नाही. २०० किलोमीटर संपल्यावर त्यांच्याइतके सुख कशात नाही. चढाच्या पायथ्याशी मात्र त्यांना हात लावू नये.

चोथ्याबद्दलही एक शब्द. एरवी आपण ज्या गोष्टी आरोग्यदायी म्हणून खातो, म्हणजे मोड आलेली उसळ, कोशिंबीर, बाजरीची भाकरी, सालासकट फळे, त्या आदल्या दिवसापासून कमी कराव्यात. सायकलवर पोट फुगणे आणि आडरस्त्यावर शौचालय शोधावे लागणे या दोन्ही गोष्टींचे मूळ बहुधा तिथे असते.

आदली रात्र आणि पहाट

स्पर्धक धावपटूंसाठी ग्लायकोजेन काठोकाठ भरण्याची जी पद्धत आहे, तीत दीड-दोन दिवस शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदके खायची असतात. सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला ७०० ग्रॅम कर्बोदके खाणे हे स्वतःच एक कष्टाचे काम आहे, आणि २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला त्याची आवश्यकता नाही. दोन दिवस ताटातला भात दीडपट करावा, भाजी-उसळ थोडी कमी करावी आणि आदल्या दिवशी सायकल न चालवता विश्रांती घ्यावी, एवढे पुरते. आदल्या रात्री आठच्या आत वरण-भात, वर लिंबू, हवा तर चमचाभर तूप. नवीन हॉटेल, नवीन पदार्थ आणि मित्रांचा ‘कार्बो लोडिंग’च्या नावाखालचा पिझ्झा या तिन्हींना नम्रपणे नकार द्यावा.

सकाळी सहाला सुटायचे असेल तर चारच्या सुमारास खाणे बरे. अशा वेळी भूक नसते हे मान्य आहे, पण रात्रभराच्या झोपेत यकृतातला साठा बराच उतरलेला असतो आणि तो भरणे हाच या खाण्याचा हेतू आहे. मऊ भात आणि मेतकूट हे माझे आवडते उत्तर: गरम, पातळसर, चवीला खारट आणि पोटाला हलके. पोहेही चालतात, मात्र फोडणी हात राखून घालावी आणि दाणे वगळावेत. सोबत दोन-अडीच तासांत सावकाश ४०० ते ५०० मिलिलिटर पाणी प्यावे, म्हणजे जास्तीचे पाणी सुटण्यापूर्वी शरीराबाहेर जाते. चहा ज्याला रोज लागतो त्याने तो घ्यावाच; सवयीचा चहा वगळल्याची डोकेदुखी दुपारी बाराला खंबाटकीत अनुभवण्यात अर्थ नाही.

बाटलीत काय भरावे

सायकलला दोन बाटल्या लावाव्यात; एकीत गोड-खारट सरबत आणि दुसरीत साधे पाणी. साधे पाणी असायलाच हवे, कारण चिक्की किंवा खजूर खाल्ल्यावर वरून गोडच पाणी प्यायले तर पोटातले मिश्रण फार दाट होते. शिवाय चिकट हात धुवायला आणि उन्हात मानेवर ओतायला सरबत चालत नाही.

सरबताचे माझे माप ७५० मिलिलिटरच्या बाटलीसाठी असे आहे: ४० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा सपाट मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. साखर काट्यावर मोजून एका वाटीत ओतावी आणि ती वाटी कुठवर भरली हे लक्षात ठेवावे. पुढच्या वेळी काटा लागत नाही. आधी कोमट पाण्यात साखर-मीठ पूर्ण विरघळवावे आणि मग गार पाणी घालावे, नाहीतर साखर तळाशी बसते आणि शेवटचे चार घोट पाकासारखे लागतात. लिंबू सर्वांत शेवटी, आणि बी राहू देऊ नये, कारण ती बाटलीच्या तोटीत नेमकी उताराला अडकते. वाटेत भरण्यासाठी साखर आणि मीठ यांचे मिश्रण लहान प्लास्टिक पिशव्यांत, एका पिशवीत एका बाटलीचे, असे बांधून घ्यावे. हॉटेलात लिंबू मिळतेच.

या मापात साखरेचे प्रमाण ५ टक्क्यांच्या थोडे वर येते. ६ ते ८ टक्क्यांपर्यंतचे द्रावण पोटातून सहज पुढे सरकते. १० टक्क्यांच्या पुढे ते रेंगाळू लागते. बाटलीबंद शीतपेये १० टक्क्यांच्या आसपास असतात आणि उसाचा रस त्याहूनही गोड असतो, म्हणून दोन्ही प्यायची झाल्यास वरून तेवढेच साधे पाणी प्यावे. उसाच्या रसाविषयी माझा आग्रह एवढाच की तो बर्फाविना मागावा. रस्त्याकडेचा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि बिघडलेले पोट घेऊन शंभर किलोमीटर परत येणे ही शिक्षा फार मोठी आहे.

मिठाविषयी गैरसमज बरेच आहेत. एका लिटर घामातून साधारण एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जाते. व्यक्तीनुसार ते याच्या निम्मे किंवा दीडपटही असू शकते. ज्यांच्या काळ्या जर्सीवर दुपारी पांढरे नकाशे उमटतात, त्यांचे बहुधा जास्तच जाते. एक ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे वरच्या बाटलीतून सुमारे ६०० मिलिग्रॅम परत मिळते. उरलेले ताक, खारे दाणे, पापड, लोणच्याची फोड आणि कोकम सरबत यांतून सहज भरून निघते. शहाळे हे अमृत खरे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे असते. घामातून गेलेले मीठ ते भरून काढत नाही. शहाळे प्यावे आणि सोबत खारे दाणे खावेत.

ओआरएसची पुडी जरूर बाळगावी, पण ती कशासाठी आहे हे समजून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि केवळ १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे ते मीठ-पाण्याचे औषध आहे, इंधन नव्हे. दिवसभर फक्त त्यावर राहिलेला सायकलस्वार पाण्याने भरलेला आणि साखरेने रिता असा शिरवळला पोहोचतो. पुडी विकत घेताना हे सूत्र छापलेले आहे का ते पाहावे.

किती प्यावे याचे उत्तर घरच्या वजनकाट्यावर

प्रत्येकाचा घाम वेगळा असतो, त्यामुळे ‘तासाला एक बाटली’ हा सल्ला निम्म्या लोकांसाठी चुकीचा ठरतो. स्वतःचा आकडा काढण्याची सोपी पद्धत आहे. ज्या हवेत ब्रेव्हे होणार आहे तशा हवेत तासभर नेहमीच्या गतीने सायकल चालवावी. निघताना लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करावे आणि आल्यावर घाम पुसून पुन्हा करावे. समजा, जाताना ६८.४ किलो होते, येताना ६७.६ भरले आणि मधल्या वेळात अर्धा लिटर पाणी प्यायले गेले. वजन ०.८ किलोने घटले, म्हणजे ०.८ लिटर, अधिक प्यायलेले अर्धा लिटर: घाम तासाला १.३ लिटर. डिसेंबरात घाटमाथ्यावर हाच आकडा अर्ध्या लिटरवर येऊ शकतो आणि एप्रिलमध्ये कोकणात, जिथे दमटपणामुळे घाम वाळतच नाही, तो दीड लिटरच्याही वर जाऊ शकतो.

गेलेला सगळा घाम वाटेतच भरून काढायचा नसतो. वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांपर्यंतची तूट शरीर सहसा सोसते. अडुसष्ट किलोच्या माणसासाठी ती १.३ ते १.४ लिटर झाली. थंड हवेत आणि संथ गतीत तहान हा बऱ्यापैकी विश्वासू मार्गदर्शक आहे. उन्हात, चढावर आणि गप्पांच्या ओघात मात्र ती उशिरा आठवण करून देते, म्हणून तेव्हा दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट असा नेम ठेवावा. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चालले आहे. सहा तासांत एकदाही झाली नसेल तर थांबून विचार करावा.

याची उलट बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. घामापेक्षा जास्त, तेही साधे पाणी तासन्‌तास पीत राहिल्यास रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजून हातमोजे किंवा अंगठी घट्ट होणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच दिसत असल्याने सोबती आणखी पाणी पाजतात. पोटात पाणी डुचमळत असेल, लघवी पाण्यासारखी स्वच्छ होत असेल आणि तरीही डोके दुखत असेल तर पाणी थांबवून काहीतरी खारट खावे. गोंधळलेपणा किंवा उलट्या सुरू झाल्या तर सायकल बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी या लेखातली मीठ-साखरेची मापे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नयेत.

सायकलवर असताना

पहिला घास सुटल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात खावा. तेव्हा भूक नसते, उत्साह असतो, आणि सगळा गट पुढे पळत असतो. नेमक्या याच तासात दिवसाचा पाया घातला जातो. घड्याळात दर २० मिनिटांचा गजर लावावा. गजर वाजला की दोन घोट आणि दोन घास. ४० ग्रॅमची एक सरबताची बाटली आणि एक केळे म्हणजे तासाचे ६० ग्रॅम झाले. पुढच्या तासाला बाटलीसोबत तीन-चार खजूर, त्यानंतर अर्धी पुरणपोळी, असे बदलत राहावे.

पदार्थ हाताशी असावेत हे सांगायला क्षुल्लक वाटते, परंतु अर्धे यश त्यात आहे. चिक्कीची वेष्टणे घरीच काढून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, हँडलमागच्या लहान पिशवीत उघडेच ठेवावेत. खजुराच्या बिया आदल्या रात्री काढाव्यात. केळी जर्सीच्या मधल्या खिशात, देठ वर करून. पाठीवरच्या बॅगेत खोल ठेवलेला डबा हा केवळ वाहून नेण्याचा डबा असतो. तो खाल्ला जात नाही. चढाच्या मध्यावर तोंडात घास असेल तर श्वास कोंडतो, म्हणून खंबाटकी असो वा पसरणी, घाट सुरू होण्याच्या १५ मिनिटे आधी खावे आणि चढावर फक्त घोट घ्यावेत. उतारावर दोन्ही हात ब्रेकवर हवेत, तिथे खाणे नाही.

कंट्रोल पॉइंटवर वेळेचे भान ठेवावे. ब्रेव्हेची किमान सरासरी तासाला सुमारे १५ किलोमीटर असते, म्हणजे अर्ध्या तासाची बैठक साडेसात किलोमीटर खाते. अशा पाच बैठका झाल्या की शेवटचे चाळीस किलोमीटर घड्याळाशी भांडण्यात जातात. आत शिरतानाच मागणी सांगावी, ती येईपर्यंत बाटल्या भराव्यात आणि ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यावा. इडली, दहीभात, साधा डोसा, मऊ खिचडी, ताक. एवढ्यांपैकी काही ना काही बहुतेक हॉटेलांत मिळते. निम्मे पोट भरले की उठावे, आणि पुढची दहा मिनिटे संथ चालवावे.

आठ-दहा तासांनंतर गोडाचा वीट येतो. हा मनाचा दुबळेपणा नसून सर्वांनाच येणारा अनुभव आहे, आणि त्याची तयारी आधीच करावी लागते. मीठ-मिरपूड लावलेले लहान उकडलेले बटाटे, सांगली-कोल्हापूरकडचे भडंग, चटणी लावलेली इडली, खारी बिस्किटे यांनी जीभ पुन्हा ताळ्यावर येते. भडंगात हवा जास्त आणि ऊर्जा थोडी, पण चवीसाठी मूठभर पुरते. त्यानंतर केळे पुन्हा गोड लागते.

मळमळू लागले तर पहिला उपाय खाणे बदलणे हा नसून वेग कमी करणे हा आहे. जोर लावताना आणि उन्हात शरीर रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळवते, पोटाच्या वाट्याला थोडे येते आणि पचन अडते. सावलीत पाच मिनिटे थांबून, मानेवर पाणी ओतून, अर्धा तास फक्त साध्या पाण्याचे घोट घ्यावेत. मग लिंबू-मीठ, मग एक कोरडे बिस्किट. पोट उघडले की पुन्हा गजराचा क्रम सुरू करावा.

रात्रीच्या ब्रेव्हेत, म्हणजे ४०० आणि ६०० किलोमीटरच्या, दोन गोष्टी वाढतात. बरीच हॉटेले अकरानंतर बंद होतात, त्यामुळे अंधार पडताना खिशात किमान चार तासांचे खाणे असावे. दुसरी गोष्ट चहा-कॉफी. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला पाच तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळपासून दर टपरीवर कटिंग घेत गेल्यास पहाटे तीनला, जेव्हा खरोखर डोळे मिटतात, तेव्हा त्याचा धक्का उरत नाही. मी दुपारनंतरचे चहा सोडतो आणि पहिला कप मध्यरात्रीनंतर घेतो.

पोटाचा सराव

पाय तयार करायला आपण तीन महिने देतो आणि पोटाला थेट परीक्षेला बसवतो. आतड्याची साखर शोषण्याची क्षमता सरावाने वाढते. दोन महिने आधीपासून आठवड्यातल्या एका लांब सवारीत तासाला ३० ग्रॅमने सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवत जावे. सरबताचे तेच माप, त्याच पिशव्या, तोच गजर. ब्रेव्हेच्या दिवशी पोटात जाणारा प्रत्येक पदार्थ त्याआधी किमान दोनदा सायकलवर खाल्लेला असावा.

परत आल्यावर

पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदके आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. दुसऱ्याच दिवशी पुन्हा सायकल चालवायची असेल तर हे कटाक्षाने, नसेल तर सवडीने. दोन वाट्या भात, घट्ट वरण, दोन अंडी किंवा पनीर, आणि मीठ घातलेले ताक यांत हे सगळे येते. वजन जेवढे घटले असेल त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढच्या काही तासांत थोडे थोडे प्यावे, कारण त्यातले काही लघवीवाटे जातेच. वडापाव आता खावा.

मग झोपण्यापूर्वी दोन कामे उरतात. सरबताची बाटली गरम पाण्याने, तोटी सुटी करून, ब्रशने धुवावी. ती तशीच राहू दिली की तोटीच्या आत काळी बुरशी धरते. आणि जर्सीचे खिसे व हँडलची पिशवी टेबलावर रिकामी करून, काय उरले ते वहीत लिहावे. माझ्या पहिल्या ब्रेव्हेच्या नोंदीत ‘चिक्की ५ तुकडे, खजूर १२, केळी २ (काळी पडलेली)’ असे आहे. हे सगळे माझ्या खिशात होते आणि मी शिरवळच्या पायरीवर बसलो होतो. गेल्या हिवाळ्यातल्या नोंदीत फक्त एक मिठाची पिशवी आहे.